जैसे थे बाई आणि भाऊजींचा आवाज

रुग्णालयात त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. एखाद्या खोलीतला संगणक नवं सॉफ्टवेअर अंगावर घेऊन आडवा झाला, की लोक म्हणत, "जैसे थे बाईंना बोलवा." बाई यायच्या, खुर्चीवरचे बिस्किटाचे कण झटकायच्या, कीबोर्डवरचा परक्या बोटांचा चिकटा पुसताना तोंड वाकडं करायच्या आणि यंत्र आधी जसं होतं तसं करून द्यायच्या. आधीपेक्षा चांगलं नाही, वाईटही नाही. जैसे थे.

हे काम ज्याला सोपं वाटतं त्यानं ते एकदा करून बघावं. म्हणे नवं काढलं, जुनं घातलं, झालं! सदरा आहे का तो? नवी आवृत्ती यंत्रात शिरते ती नव्या भाडेकरूसारखी. गप राहत नाही. कुलपं बदलते, भिंतींना भोकं पाडते, आधीच्याचं सामान आपल्या सोयीनं लावते. मग तिला हाकलून जुन्याला परत आणलं, तर त्याची किल्ली चालत नाही आणि त्याचंच सामान त्याला ओळखू येत नाही. म्हणून बाईंची पद्धत ठरलेली होती. काहीही नवं टाकण्याआधी अख्ख्या डिस्कची त्या क्षणाची हुबेहूब नक्कल काढून ठेवायची. विभागात तिला 'फोटो' म्हणत. बनवणारी मंडळी नवं निघालं की जुनं बेमुर्वतपणे फेकून देतात, म्हणून जुन्या आवृत्त्या आपल्या कपाटात जपायच्या. आणि काही बिघडलेलं नसताना, भल्या दिवशी, माघारीचा सराव करायचा. विभागातले लोक त्या सरावाला हसत आणि पुढच्या आठवड्यात बाईंच्याच दाराशी येऊन उभे राहत.

या सगळ्यांच्या वर एक नियम होता. परत आणणाऱ्यानं निवडायचं नसतं. बाईंच्या आधी त्या खुर्चीवर जो गृहस्थ होता, त्याला टापटिपीची भारी हौस. एकदा यंत्र मागे नेताना त्यानं कचरा समजून काही फायली गाळल्या. त्या निघाल्या लहान मुलांच्या औषधांच्या मापांच्या. परिचारिका दिवसभर कागदावर गुणाकार करत बसल्या, आणि हा शहाणा "तरी जागा किती मोकळी झाली बघा" म्हणत मिरवत होता. बाईंना तो चेहरा आठवला की अजूनही शिसारी यायची.

खरं तर शिसारी हा बाईंचा कायमचा सोबतीच होता. नव्याशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांना किळस होती ती काम करता करता पडद्यावर उगवणाऱ्या त्या लाडिक चौकटीची. 'तुमच्यासाठी काहीतरी छान आणलंय! आत्ताच करायचं की थोड्या वेळानं?' नको म्हणायला त्यात जागाच नसते. "दारावर आलेला फिरता विक्रेतासुद्धा नको म्हटलं की जातो," असं त्या म्हणत. हे एवढं वाक्य म्हणायला बाईंना जरा वेळ लागे. त्या बोलताना अडखळत. म आणि ब ही अक्षरं ओठांशी येत आणि हट्टी पोरासारखी तिथेच बसून राहत. विभागात कोणाला त्याचं काही नव्हतं. घरी मात्र तो करमणुकीचा विषय होता, आणि ती करमणूक सुरू केली होती भाऊजींनी.

भाऊजी म्हणजे बाईंचे मोठे दीर. लिलावात पुकारा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आवाज असा की जुनं मोडकं कपाट त्यांनी पुकारलं तर ते राजवाड्यातलं वाटावं. त्या आवाजाला लगाम मात्र कधी नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा पहिल्याच जेवणाला कोणीतरी विचारलं, काम काय करता? बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि 'मशीन' शब्दावर त्या अडल्या. भाऊजींनी हातातला चमचा ताटावर आपटला आणि लिलावाच्या सुरात पुकारलं, "म-म-मशीन ब-ब-बिघडलं! पहिली बोली कोणाची?"

सगळे हसले. त्या दिवसापासून घरात चार माणसं जमली की तो पुकारा व्हायचाच. नवरा म्हणायचा, "जाऊ दे गं. दादाचा स्वभावच तसा. स्वभावाला औषध नाही." नवऱ्याला एवढंच येत होतं. सासूबाई हसायच्या. पण त्यांचं बाईंना वाईट वाटत नसे. सासूबाईंचे दोन्ही डोळे कधीचेच गेले होते, माणसं त्या आवाजावरून ओळखायच्या, आणि थोरल्याचा आवाज कानी पडला की त्यांना हसू यायचंच. शिवाय त्या घरात बाई अडखळल्या की त्यांचं वाक्य मधेच पूर्ण करून न देणारं माणूस सासूबाई हेच एक होतं. त्या मान कलती करून थांबायच्या, शब्द बाहेर येईपर्यंत.

अशा या भाऊजींच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंच्याच रुग्णालयात आवाजाची एक खोली होती. आवाज जाणार असेल तो माणूस तिथे बसून ठरावीक वाक्यं वाचतो. त्यातून यंत्र त्याच्या आवाजाचा साचा तयार करतं, आणि पुढे तो जे टाइप करेल ते त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. शिवाय स्वतःची काही वाक्यं जशीच्या तशी साठवता येतात. घरात हे कळल्यावर सासूबाईंनी बाईंचा हात धरला.

"धाकटे, त्यानं लिहून दाखवलं तर मला दिसणार आहे का? आवाज गेला म्हणजे माझ्यापुरता तो गेलाच गं. तेवढा आवाज राहू दे."

बाई "हो" म्हणाल्या. ह कधी अडायचा नाही.

सोमवारपासून भाऊजी रोज सकाळी आवाजाच्या खोलीत येऊन बसू लागले. शनिवारी शस्त्रक्रिया होती. शुक्रवारी थोडीच वाक्यं उरलेली असताना बाईंना बोलावणं आलं.

खोली लहान होती, भिंतींना करडा स्पंज. त्यात भाऊजींच्या तंबाखूचा, औषधी गोळ्यांचा आणि बंद हवेचा वास कोंडलेला. वाचा-उपचार करणारी मुलगी हातात पाण्याचा पेला घेऊन रडवेली उभी होती. पडद्यावर लिहिलं होतं, 'अभिनंदन! तुमची प्रणाली आता अद्ययावत आहे.' आणि मायक्रोफोन बहिरा झाला होता.

"कोणी दाबलं?" बाईंनी विचारलं.

"मी पाणी आणायला गेले होते," मुलगी म्हणाली.

"मी दाबलं," भाऊजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "डोळ्यांसमोर सारखं नाचत होतं ते. आत्ताच करायचं का म्हणून विचारत होतं. म्हटलं, कर बाबा. आम्ही लिलावातली माणसं, थोड्या वेळानं वगैरे आम्हाला चालत नाही." मग खाकरून रुमालात थुंकले आणि बाईंकडे बघून डोळे मिचकावले. "आता तुझं ते म-म-मशीन तू बघ."

तेवढ्यात विभागाचे साहेब आले. सगळ्या गोष्टींच्या फिती तेच कापत, म्हणून लोक त्यांना शुभारंभसाहेब म्हणत. "त्यात काय एवढं!" ते म्हणाले. "बाई, तुमचं ते माघारीचं बटण आहे ना? दाबा की. मागे पाहुण्यांना दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या."

बटण बाईंनीच बनवलं होतं आणि ते कधी फसलं नव्हतं. पण बटण यंत्राला फोटोपर्यंत मागे नेतं, आणि शेवटचा फोटो रविवारचा होता. रीतसर नवं टाकलं असतं तर त्याआधी आपोआप फोटो निघाला असता. भाऊजींनी दाबलेल्या चौकटीला रीत कुठली? त्यात हे यंत्र पुरवणाऱ्यानं परस्पर लावून दिलेलं. प्रणाली आणि ध्वनिमुद्रणं दोन्ही एकाच कप्प्यात कोंबलेली. बटण दाबलं असतं तर यंत्र रविवारसारखं ठणठणीत झालं असतं, आणि सोमवारपासूनचा भाऊजींचा आवाज पुसला गेला असता.

बाईंनी हे तुटक शब्दांत सांगितलं. साहेब म्हणाले, "मग परत वाचून घ्या."

मुलीनं मान हलवली. "सोमवारचा आवाज आता राहिलेला नाही, सर. रोज बसत चाललाय. आणि उद्या शस्त्रक्रिया आहे."

भाऊजींनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाईंना दया यायला हवी होती. आली नाही. त्यांना सासूबाईंचा हातावरचा हात तेवढा आठवला.

आधी त्यांनी सगळी ध्वनिमुद्रणं जशी होती तशी उचलून बाजूला सुरक्षित ठेवली. मग दुसऱ्या यंत्रावर त्यांची एक प्रत घेऊन कपाटातली जुनी आवृत्ती घालून पाहिली. जुन्या आवृत्तीनं हात वर केले: ही माझ्या ओळखीची नाहीत. अपेक्षेप्रमाणेच. नव्या आवृत्तीनं, या बाईसाहेबांनी, आल्या आल्या सगळी ध्वनिमुद्रणं आपल्या पद्धतीत बदलून टाकली होती, कोणाला न विचारता. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या पत्रांवर आपली अक्षरं गिरवणारी ही जात. बाईंनी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. शिव्या देताना त्या कधी अडखळत नसत.

उरला एकच मार्ग, आणि तो घाणेरडा होता. मूळ यंत्र बटण दाबून रविवारपर्यंत मागे न्यायचं. मायक्रोफोन सुरू झाला की भाऊजींनी उरलेली वाक्यं वाचायची. तोवर बाईंनी दुसऱ्या यंत्रावर नवी आवृत्ती घालायची, तिच्यातून एकेक वाक्य साध्या ध्वनीच्या रूपात बाहेर काढायचं आणि जुन्या आवृत्तीत आपापल्या जागी परत बसवायचं. मेख अशी, की बाहेर निघताना वाक्यांचे क्रमांक गळून पडत होते. कुठलं वाक्य कुठलं, हे ऐकूनच ठरवायला हवं. बोलणं ओळखणाऱ्या प्रोग्रामला तो फाटका घसा उमजेना. मुलगी भाऊजींजवळ बसलेली. साहेब "चला, मार्ग निघाला!" म्हणून निघून गेलेले. म्हणजे ऐकायचं बाईंनी.

हेडफोनच्या गाद्यांना दहा जणांच्या कानांचा घाम लागलेला होता. बाईंनी त्या स्पिरिटनं पुसल्या, पुन्हा पुसल्या आणि नाक मुरडत कानांवर चढवल्या. भाऊजी थेट त्यांच्या डोक्यात शिरले.

'दार उघडा.' 'पाणी गार आहे.' 'आज बाजारात गर्दी नव्हती.' प्रत्येक वाक्याच्या आधी खाकरणं, नंतर गिळणं. घशात काहीतरी घोळत असल्याचा ओला आवाज. मधे मधे मुलीला मारलेले टोमणे, कोणाच्या तरी जाडीवर विनोद, स्वतःच्याच विनोदाला स्वतःचं हसू. एवढी वर्षं बाई जेवणाच्या टेबलावरून उठून आत जाऊ शकत होत्या. इथे उठायची सोय नव्हती. ऐकायचं, ओळखायचं, बसवायचं. पुन्हा ऐकायचं. दुपारचा डबा त्यांनी उघडला आणि तसाच बंद केला.

आवाजाच्या खोलीच्या काचेपलीकडे खरे भाऊजी उरलेली वाक्यं वाचत होते. ओठ हलताना दिसत, आवाज येत नसे. उद्यापासून ते असेच दिसणार होते. हा विचार बाईंच्या मनात आला तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लगेच किळस आली.

शेवटी भाऊजींची स्वतःची वाक्यं आली. घरच्यांना ओळखीची वाटतील अशी काही बोला, असं मुलीनं त्यांना सांगितलं होतं. 'चहा झाला का?' 'टीव्हीचा आवाज कमी करा.' 'मला विचारलं का कोणी?' बाई ऐकत होत्या आणि आपण कशाची तरी वाट बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. या सगळ्या थुंकीतून, खाकरण्यातून एखादं बरं वाक्य निघेल, धाकटीसाठी एखादा शब्द असेल. माणूस मरणाच्या दारात उभा आहे, निदान आता तरी. ती आशा किती ओंगळ होती ते त्यांना पुढच्याच ध्वनिमुद्रणानं दाखवलं.

'म-म-मशीन ब-ब-बिघडलं! पहिली बोली कोणाची?'

सोमवारचा आवाज, अजून बसायचा होता तेव्हाचा. खणखणीत. मागून त्या मुलीचं न समजून हसणं.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. यंत्रानं विचारलं होतं, ही फाईल ठेवायची की काढायची? इथे मात्र नको म्हणायला जागा होती. एक बोट, आणि तो पुकारा जगातून कायमचा गेला असता. उद्यानंतर भाऊजींना तो परत करता आला नसता. यंत्राला असं अडखळणं शिकवून जमत नाही. विचारलंच कोणी, तर अपग्रेडमध्ये एक फाईल खराब झाली म्हणायचं. ते बटणही भाऊजींनीच दाबलेलं. कोण शंका घेणार होतं? बाईंवर तर कोणीच नाही.

बोट बटणावर बराच वेळ होतं. त्यांना तो आधीचा टापटिपीचा गृहस्थ आठवला. त्यालाही आपण कचराच काढतोय असं वाटलं होतं. कचरा कोणता हे ज्याचं त्याला ठाऊक. ते ठरवायला लागलो की ती माघार राहत नाही, लुडबूड होते. या एका नियमाच्या जोरावर बाईंना सगळं रुग्णालय डोळे मिटून यंत्रं सोपवत होतं. तो नियम त्यांनी या माणसासाठी मोडायचा? याची लायकी तेवढीही नव्हती.

त्यांनी फाईल जागेवर बसवली. मग एकदा सगळं क्रमानं तपासलं, आणि त्यात तो पुकारा पुन्हा ऐकावा लागला. नंतर त्या हात धुवायला गेल्या आणि ते कोपरापर्यंत धुतले.

शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी भाऊजी घरी आले, गळ्याला पट्टी, हातात टॅब. बैठकीच्या खोलीत सगळे जमले. सासूबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. भाऊजी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि एका बोटानं टाइप करू लागले. टॅब बोलला, "आई, मी आलो."

आवाज त्यांचाच होता, पण साच्यातून काढलेला, इस्त्री केलेला. सासूबाईंनी मान कलती केली.

"हे कोण? दवाखान्यातले का?"

भाऊजींनी घाईनं टाइप केलं. "आई, मी आहे. तुझा थोरला."

"बसा हं," सासूबाई अदबीनं म्हणाल्या. मग आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही अशा सुरात म्हणाल्या, "अरे, त्याला आत आणा ना. बाहेर का उभा केलाय त्याला?"

भाऊजींचं बोट अक्षरांवरून नुसतं फिरत राहिलं. ज्या माणसाकडे आयुष्यात कधी शब्द कमी पडला नव्हता तो तोंड उघडत होता, मिटत होता, आणि पट्टीखालून नुसता वारा जात होता. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना ठाऊक होतं कुठलं बटण दाबायचं. त्या सांगणार नव्हत्या. पण भाऊजींचं बोट चाचपडत त्यांच्या स्वतःच्या वाक्यांपाशी गेलंच.

"म-म-मशीन ब-ब-बिघडलं! पहिली बोली कोणाची?"

सासूबाईंचे दोन्ही हात एकदम पुढे आले. "आला! आला गं!" त्यांनी भाऊजींचा चेहरा ओंजळीत धरला, कान, कपाळ चाचपलं. "तोच आहे, मेला, तस्साच आहे!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. भाऊजींनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दर वेळी म्हातारी "हो रे, हो रे राजा" म्हणत होती. नवरा डोळे पुसत हसत होता. जित्याची खोड, आणि तिच्यावर सगळं घर रडत होतं.

"धाकटे," सासूबाईंनी हवेत हात केला, "जसाच्या तसा आणलास गं त्याला."

"हो," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी मान वर करून बाईंकडे बघितलं. क्षणभर वाटलं, काहीतरी टाइप करतील. त्यांचं बोट पुढे झालं आणि तेच बटण पुन्हा दाबलं.

बाई स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाहेरून तो पुकारा येतच होता. त्यांचा कान, नको म्हटलं तरी, आपलं काम करत राहिला. आवाज कुठे फाटत नव्हता. एकही अक्षर तुटलं नव्हतं. तो ब सुद्धा, जसा भाऊजी लांबवायचे तसाच लांबत होता. काम अगदी चोख झालं होतं.

बाईंनी बेसिनचा नळ मोठा सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या.